ओटीपोटातील दुखणे आणि गर्भाशयावरचा आळ

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी अशा तालुक्यांतून भांडीकुंडी, धान्याची पोती आणि लहान लेकरे बरोबर घेऊन हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पती आणि पत्नी यांची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने मिळून फेडायची असते. एक जण आजारी पडला तरी कोयता अडतो आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा 'खाडा' दोघांच्या हिशेबात लागतो. अशा परिस्थितीत ओटीपोटात दुखणे ही केवळ शरीराची तक्रार राहत नाही, ती साऱ्या हंगामाच्या हिशेबाची तक्रार होऊन बसते.

याच तक्रारीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्याचे नाव देशभर नेले. जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांमध्ये ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याची वृत्ते त्या वर्षी प्रसिद्ध झाली. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांमध्ये अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. या सर्वच महिला ऊसतोड कामगार होत्या असे नव्हे. मात्र विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. म्हणजे साधारणपणे दर सहा महिलांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ मधील चौथ्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे असल्याने आकड्यांची तंतोतंत तुलना करता येणार नाही. तरीही अंतर इतके मोठे आहे की ते नजरेआड करणे शक्य नाही.

या महिलांपैकी अनेकींच्या कहाणीचा आरंभ सारखाच होता. ओटीपोटात दुखणे, कंबर भरून येणे, अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीत अधिक रक्तस्राव होणे. आणि शेवटही सारखाच, 'पिशवी खराब झाली आहे, काढून टाका.' या आरंभ आणि शेवट यांच्यामध्ये जी तपासणी, जे निदान आणि जे औषधोपचार व्हावयास हवे होते, ते अनेकदा झालेच नाहीत. म्हणूनच ओटीपोटातील दुखण्याची कारणे कोणती असू शकतात, हे समजून घेणे केवळ ऊसाच्या फडातील स्त्रीसाठीच नव्हे, तर शहरातील सुशिक्षित कुटुंबासाठीही तितकेच महत्त्वाचे आहे.

एकच जागा, अनेक अवयव

बेंबीच्या खाली आणि जांघांच्या वर असलेल्या पोटाच्या भागाला ओटीपोट म्हणतात. या लहानशा जागेत अनेक अवयव दाटीवाटीने असतात. पुढच्या बाजूस मूत्राशय, मागे गुदाशय, स्त्रियांमध्ये या दोहोंच्या मध्ये गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंस गर्भनलिका आणि बीजांडकोश. उजवीकडे अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा आरंभ, डावीकडे त्याच आतड्याचा शेवटचा भाग. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्याही येथेच मूत्राशयाला मिळतात. या सर्वांना आधार देणारे स्नायू, कमरेची हाडे आणि मणक्यातून निघणाऱ्या नसा वेगळ्याच.

त्वचेवर काटा रुतला तर नेमके कोठे रुतला हे डोळे मिटूनही सांगता येते. पोटातील अवयवांचे तसे नसते. त्यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा संख्येने कमी आणि परस्परांत मिसळलेल्या असतात. त्यामुळे मूत्राशयाची वेदना, आतड्याची वेदना आणि गर्भाशयाची वेदना मेंदूला जवळजवळ एकाच ठिकाणाहून आल्यासारखी भासते. अपेंडिक्सला सूज आली की वेदना बहुधा आधी बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली स्थिरावते, ती याच कारणाने. मूत्रवाहिनीतील खड्याची कळ कमरेपासून जांघेपर्यंत उतरते, तर गर्भाशयाच्या वेदना पाठीत आणि मांड्यांतही जाणवतात.

तात्पर्य असे, की 'खाली दुखते' एवढ्यावरून दोष कोणाचा हे ठरविता येत नाही. ओटीपोटात दुखणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षणावरून रोगापर्यंत पोहोचण्यासाठी दुखणे केव्हा सुरू झाले, पाळीशी त्याचा संबंध काय, लघवी आणि शौचाच्या तक्रारी आहेत का, ताप आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. शांतपणे विचारलेले हे प्रश्न हीच निदानाची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी होय.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

स्त्रियांमधील ओटीपोटाच्या दुखण्याचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड असल्याने गुदद्वाराजवळील जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. लघवीला जळजळ होणे, थोडी थोडी लघवी वारंवार होणे, लघवी गढूळ किंवा रक्तमिश्रित असणे आणि बेंबीखाली जड वाटणे ही त्याची लक्षणे. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वरच्या बाजूस दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागते.

ऊसाच्या फडात शौचालय नसते. आडोसा मिळेपर्यंत लघवी रोखून धरावी लागते आणि ती वेळच येऊ नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते. जंतू धुऊन निघण्याची शरीराची स्वाभाविक व्यवस्थाच त्यामुळे बंद पडते. शहरातही लोकलगाडीत तासन् तास प्रवास करणाऱ्या, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या किंवा शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुली नेमके हेच करीत असतात. लघवीची साधी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य प्रतिजैविकांचे काही दिवसांचे उपचार यांनी हा आजार बहुधा बरा होतो. येथे गर्भाशयाचा कोणताही दोष नसतो.

पाळीच्या वेदना आणि रक्तस्राव

पाळीच्या आधी किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत होणारी कळ गर्भाशयाच्या आकुंचनामुळे येते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये हे आकुंचन घडवितात. शेक घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेणे यांनी बहुसंख्य मुलींना आराम पडतो.

मात्र वेदना वर्षागणिक वाढत असतील, पाळी संपल्यावरही राहत असतील, शरीरसंबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी तीव्र होत असतील, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागतात आणि पाळीच्या काळात तेथेही दाह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. 'बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते' या समजुतीमुळे त्याचे निदान कित्येक वर्षे लांबते.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंच्या गाठी. त्या अतिशय सामान्य असून क्वचित अपवाद वगळता कर्करोगाच्या नसतात. पुष्कळ स्त्रियांना त्यांचा त्रासही होत नाही. पाळी कायमची थांबल्यानंतर बहुधा त्या आपोआप आकसतात. गाठीचे आकारमान, तिची जागा आणि तिच्यामुळे होणारा त्रास पाहूनच उपचार ठरवावयाचे असतात. बीजांडकोशातील पाण्याच्या साध्या गाठींचेही तसेच. त्यांपैकी बहुतेक दोन-तीन पाळ्यांत स्वतःहून विरून जातात.

पाळीत अधिक रक्तस्राव होत असेल तर आधी रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे आणि लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन आणि केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया असे अनेक टप्पे उपलब्ध आहेत. गर्भाशय काढणे हा या मालिकेतील शेवटचा टप्पा आहे.

अंगावरून पांढरे जाणे

योनीमार्गातून थोडासा पारदर्शक किंवा पांढुरका स्राव होणे स्वाभाविक आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत तो वाढतो. त्याचा रंग हिरवट-पिवळा झाला, त्याला दुर्गंधी आली, खाज सुटली किंवा सोबत ओटीपोटात दुखून ताप आला, तर मात्र तो जंतुसंसर्ग समजावा. हा संसर्ग वर चढून गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत पोहोचला की ओटीपोटात सतत दुखू लागते. वेळीच उपचार न झाल्यास गर्भनलिका चिकटतात आणि पुढे वंध्यत्व किंवा गर्भनलिकेत गर्भ राहण्याचा धोका संभवतो.

यावरचा उपचार प्रतिजैविकांचा, आणि तो पूर्ण करण्याचा आहे. साधारणपणे दोन आठवड्यांचे औषध घ्यावे लागते. लैंगिक संबंधातून आलेल्या संसर्गात पतीवरही त्याच वेळी उपचार करणे आवश्यक असते, अन्यथा संसर्ग पुन्हा परततो. ऊसतोडीच्या कोपीत आंघोळीला आडोसा नाही, पाळीचे कापड धुऊन उन्हात वाळविण्याची सोय नाही आणि औषधांचा कोर्स पूर्ण करण्यास उसंत नाही. त्यामुळे संसर्ग वारंवार होतो. 'औषधाने गुण येत नाही' असा निष्कर्ष मग काढला जातो. वस्तुतः औषध पूर्ण पोटात गेलेलेच नसते आणि पतीला ते कोणी दिलेलेही नसते.

आतडे, स्नायू आणि ओझे

पोट फुगणे, शौचानंतर दुखणे कमी होणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब अशी लक्षणे दीर्घकाळ असतील तर कारण आतड्यात शोधावे. आव, जंत आणि आतड्याचा चंचलपणा यांमुळे ओटीपोटात दुखते. आपल्याकडे क्षयरोगाचाही विसर पडू देऊ नये. बारीक ताप, वजन घटणे आणि भूक मंदावणे यांसह पोटात दुखत असेल, तर आतड्याच्या किंवा जननेंद्रियांच्या क्षयाची तपासणी आवश्यक ठरते.

काही वेळा दुखणे अवयवांचे नसून स्नायूंचे असते. दिवसभर वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे हे काम स्त्रिया महिनोन् महिने करतात. मोळीचे वजन तीस-चाळीस किलोंपर्यंत असते. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता असे ओझे उचलल्यास ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैल पडतात आणि 'अंग बाहेर येण्याची' तक्रार सुरू होते. पाचव्या पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले होते. विशीतच दोन-तीन बाळंतपणे उरकलेल्या शरीरावर हे ओझे पडते, याची नोंद निदान करणाऱ्याने घ्यावयास हवी.

पुरुषांनाही हे दुखणे चुकलेले नाही. मुतखडा, अंतर्गळ, प्रोस्टेट ग्रंथीची सूज आणि लघवी तुंबणे ही त्यांच्यातील सामान्य कारणे. तरुण मुलाच्या ओटीपोटात आणि वृषणात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्यास वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण निकामी होते.

थांबू नये अशी लक्षणे

काही प्रसंगी मात्र घरगुती उपाय किंवा 'उद्या पाहू' हे धोरण जिवावर बेतू शकते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, चक्कर आली, घाम फुटला किंवा खांद्यात कळ आली, तर गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीतही हे क्वचित घडते, हे ध्यानात ठेवावे. एकाएकी तीव्र वेदनेसह उलट्या होणे हे बीजांडकोशाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे सरकलेले आणि हालचालीने वाढणारे दुखणे, पोट दगडासारखे कडक होणे, शौच आणि वायू पूर्ण बंद होणे, तापासह हुडहुडी, शौचातून किंवा लघवीतून रक्त, गरोदरपणातील कोणतेही तीव्र दुखणे, या सर्वांत तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर उपलब्ध आहे.

अहवालातील भीतिदायक शब्द

ओटीपोटाच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी केली जाते आणि अहवालात काही शब्द येतात. त्यांचा अर्थ न समजल्यास घबराट होते. 'बल्की युटेरस' म्हणजे गर्भाशय किंचित मोठे असणे. दोन-तीन मुले झालेल्या स्त्रीचे गर्भाशय थोडे मोठे असणे हे पुष्कळदा स्वाभाविकच असते. 'नाबोथियन सिस्ट' म्हणजे गर्भाशयमुखावरील सूक्ष्म पाण्याच्या पुटकुळ्या. त्या निरुपद्रवी असतात. 'पिशवीच्या तोंडाला जखम' असे जिला म्हटले जाते, ती बहुधा जखम नसते. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक लालसर अस्तर बाहेरच्या बाजूस दिसू लागलेले असते आणि तरुण वयात ते अनेकींमध्ये आढळते. एक-दीड सेंटिमीटरच्या गाठीचेही तसेच.

या शब्दांचे भाषांतर जेव्हा 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे केले जाते, तेव्हा समोरची स्त्री नकार देऊ शकत नाही. तिला दोन-तीन मुले झालेली असतात, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकलेली असते. 'आता पिशवीचा उपयोग तरी काय' हा युक्तिवाद तिला आणि तिच्या घरच्यांना पटतो. पाळीची कटकट संपेल, खाडा होणार नाही, हा हिशेबही त्यात असतोच. म्हणूनच काही स्त्रिया स्वतःहून शस्त्रक्रिया मागतात. परंतु शौचालय, पाणी, विश्रांती आणि खरी माहिती यांपैकी काहीच उपलब्ध नसताना केलेल्या निवडीला निवड म्हणावे काय, हा प्रश्न उरतो.

कर्करोगाची भीती आणि शेजारचा धडा

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा खरोखरच गंभीर आजार आहे. शरीरसंबंधानंतर रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त जाणे आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणे. पण या भीतीवरचे उत्तर सरसकट गर्भाशय काढणे हे नाही. तपासणी हे आहे.

याचा पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. बीडला लागूनच असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात केवळ एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. साऱ्या जगाने दखल घेतलेले हे संशोधन मराठवाड्यातील खेड्यांतील स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झाले आहे.

हा कर्करोग होण्याआधी पेशींमधील बदल पुष्कळ वर्षे टिकून असतात. व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून केलेली तपासणी, पॅप चाचणी किंवा एचपीव्ही चाचणी यांनी ते ओळखता येतात. चाचणीत दोष आढळणे म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. दोष असलेला भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो आणि गर्भाशय जागेवर राहते. जी शस्त्रक्रिया कर्करोगाच्या भयाने सुचविली जाते, तिच्याआधी ही तपासणी झाली आहे काय, एवढा एकच प्रश्न अनेक शस्त्रक्रिया टाळू शकतो.

गर्भाशय काढल्यानंतर

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया काही आजारांत अत्यावश्यक असते. कर्करोग, बाळंतपणातील आटोक्यात न येणारा रक्तस्राव, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी, गर्भाशय फार खाली उतरणे अशा वेळी ती प्राण किंवा आरोग्य वाचविते. तिला सरसकट वाईट ठरविणेही चुकीचे होईल. प्रश्न आहे तो विनाकारण केलेल्या शस्त्रक्रियेचा.

तरुण वयात गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी बंद होते आणि तिशीतील स्त्री एका रात्रीत रजोनिवृत्तीच्या अवस्थेत जाते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे आणि पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका ही त्याची परिणती. बीजांडकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती नेहमीपेक्षा लवकर येऊ शकते. जिचे पोट कमरेच्या बळावर चालते, तिची हाडेच अकाली झिजली तर तिने काय करावे?

याहून क्लेशकारक गोष्ट अशी, की मूळ दुखणे मूत्रमार्गाचे, आतड्याचे किंवा कमरेचे असेल तर शस्त्रक्रियेनंतरही ते तसेच राहते. गर्भाशय गेले, कर्ज झाले, पण ओटीपोटातील कळ थांबली नाही. ज्या अवयवावर आळ घेतला, तो निर्दोष होता हे तेव्हा कळते.

ज्या स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. बीजांडकोश काढले आहेत काय, हे रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून निश्चित करून घ्यावे. काढले असल्यास, स्वाभाविक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत काय, याबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नाचणी, तीळ, दूध यांसारखा कॅल्शियमयुक्त आहार, ऊन, चालणे आणि रक्तदाबाची नियमित तपासणी यांचा निश्चित लाभ होतो.

बीडनंतर काय झाले

२०१९ च्या चर्चेनंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. प्रश्न केवळ बीडचा नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अशाच शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय दिला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे न्यायालयाने सांगितले. या शस्त्रक्रियांवर लक्ष ठेवण्यासाठी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात, अशी तरतूद त्यांत आहे.

परवानगीची अट आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. कागदावर सही हवी असेल तर कागद तयार होतो. आणि एका जिल्ह्यात अडचण झाली तर शेजारचा जिल्हा फार दूर नसतो. खरा उपाय दुखण्याच्या मुळाशी आहे. ऊसाच्या फडाजवळ पाणी आणि शौचालय, हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी, मुक्कामाच्या गावी औषधे मिळण्याची सोय आणि आजारपणातील खाड्याच्या दंडातून मुक्तता, एवढ्या गोष्टी झाल्या तर ओटीपोटाची अर्धीअधिक दुखणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचणारच नाहीत. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याइतकी उसंत मात्र त्या स्त्रीला मिळावयास हवी.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, गाव असो वा शहर, स्त्रीने आणि तिच्या कुटुंबीयांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या आजाराचे नेमके नाव काय? लघवीची, रक्ताची आणि गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे काय? औषधांचा उपचार किती काळ करून पाहिला? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल आणि तीन महिने थांबल्यास काय बिघडेल? बीजांडकोश ठेवणार की काढणार? काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविणार काय? तातडीची स्थिती नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेण्यात संकोच करू नये. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. कागदपत्रे आणि अहवालांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. तो रुग्णाचा हक्क आहे.

दुखण्याची साधी नोंद ठेवणेही उपयुक्त ठरते. दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले, पाळीच्या आधी की नंतर, लघवीशी की शौचाशी संबंधित, किती वेळ टिकले, एवढे कॅलेंडरवर लिहून ठेवले तरी दोन-तीन महिन्यांत कारणाचा माग लागू शकतो.

शहरातील चहाच्या कपात विरघळणारी साखर ज्या हातांनी तोडलेल्या ऊसाची असते, त्या हातांची मालकीण ओटीपोटाची कळ दाबून मोळी उचलत असते. तिच्या दुखण्याला नेमके नाव मिळणे हा तिचा हक्क आहे. दुखण्याचे कारण सापडले की बहुतेक वेळा त्यावरचे औषध साधे असते, आणि ते मिळाले तर शरीरातील एक निरोगी अवयव गमावण्याची वेळ तिच्यावर येत नाही.